देहांत शासन

गंभीर अपराधाबद्दल रीतसर न्यायचौकशी होऊन राज्यसंस्थेने अपराध्याचा प्राण घेण्याची शिक्षा. मृत्युदंड, प्राणदंड, देहदंड, वधदंड हे शब्दही याच अर्थी रूढ आहेत. भारतात ही शिक्षा सामान्यतः गळफासाने अमलात येत असल्यामुळे व्यवहारात तिला ‘फाशी’ म्हणतात. युद्धातील मनुष्यवध, स्वसंरक्षणार्थ केलेली हत्या किंवा आरोपी न्यायालयापुढे येण्यापूर्वीच पोलिसांच्या गोळीने आलेला मृत्यू यांचा या संज्ञेत समावेश होत नाही. न्यायनिर्णय हा देहांत शासनाचा अविभाज्य घटक होय. ही शिक्षा असावी की नसावी हा वाद दंडशास्त्रातील सर्वांत जुन्या वादांपैकी एक असून त्यातील दोन्ही बाजूंचे बहुतेक प्रमुख युक्तिवाद प्राचीन काळीच मांडले गेले होते.

इतिहास : इ. स. पू. अठराव्या शतकातील बॅबिलनचा राजा हामुराबी याच्या विधिसंहितेत चोरीच्या काही प्रकारांपासून खोट्या साक्षीपर्यंत अनेक अपराधांना देहांत शासन सांगितले आहे. अथेन्समधील ड्रेको याचे इ. स. पू. सातव्या शतकातील कायदे इतके कठोर होते, की ते शाईने नव्हे तर रक्ताने लिहिले आहेत अशी म्हण पडली; पुढे सोलनने त्यांतील मनुष्यवधाविषयीचे नियम तेवढे ठेवून बाकीचे रद्द केले. याच अथेन्समध्ये इ. स. पू. ४२७ मध्ये झालेला एक वाद थ्यूसिडिडीझ या इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. मिटिलीनी या नगराने बंड केले, तेव्हा तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव अथेन्सच्या सभेने केला. दुसऱ्या दिवशी त्याचा फेरविचार झाला. क्लीऑनने जरबेसाठी ठराव कायम ठेवण्याचा आग्रह धरला. डायोडोटस याने दयेचा प्रश्न मुद्दामच बाजूला ठेवला आणि उपयुक्ततेच्या भूमिकेवरून उत्तर दिले : मनुष्याने दंड वाढवत वाढवत मृत्यूपर्यंत नेला, तरी अपराध थांबले नाहीत, आशा आणि गरज माणसाला धोका पत्करावयास लावतात व पकडले जाऊ असे कोणालाच वाटत नसते. अल्प बहुमताने ठराव फिरला आणि मागाहून पाठविलेले जहाज वेळेवर पोहोचले, म्हणून मिटिलीनीचे लोक वाचले. शिक्षा अंशतः जरी अमलात आली असती, तरी फेरविचाराला काही अर्थ उरला नसता, ही या प्रसंगातील गोष्ट आधुनिक वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतीय परंपरेत याच प्रश्नाची चर्चा महाभारताच्या शांतिपर्वातील द्युमत्सेन व सत्यवान या पितापुत्रांच्या संवादात आढळते. राजा द्युमत्सेनाच्या आज्ञेवरून वधासाठी माणसे नेली जात असताना सत्यवान आक्षेप घेतो. एका दस्यूचा वध केला म्हणजे त्याची भार्या, माता, पिता व पुत्र या निरपराध्यांचाही वध होतो. दुष्टही सत्संगाने सुधारतो व त्याच्या पोटी सत्प्रवृत्त संतती निपजू शकते, म्हणून मुळावर घाव घालू नये, असे त्याचे म्हणणे. द्युमत्सेनाचे उत्तर इतिहासाच्या आधारावर आहे. पूर्वी नुसत्या धिक्काराने काम भागे, पुढे कठोर शब्द लागले, मग द्रव्यदंड आला आणि आता वधावाचून लोक आवरत नाहीत, असे तो म्हणतो. दंडाचा हेतू आणि कुटुंबीयांवर होणारा परिणाम यांचा इतका स्पष्ट विचार अन्यत्र फार उशिरा झालेला दिसतो.

व्यवहारात मात्र प्राचीन भारतात देहदंड सर्रास होता. कौटिलीय अर्थशास्त्रात यातनारहित वधाला ‘शुद्ध’ व यातनायुक्त वधाला ‘चित्र’ असे म्हटले असून त्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाच्या बाबतीत प्राणदंडाऐवजी मुंडन व धनासह हद्दपारी सांगितली आहे. कौटिल्यानेही ब्राह्मणाला वधातून वगळले. तथापि राजद्रोही ब्राह्मणाला पाण्यात बुडवावे असा अपवाद ठेवण्यास तो विसरलेला नाही. अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात वधाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत देण्याची आज्ञा आहे. या मुदतीत नातलगांनी अधिकाऱ्यांकडे प्राणदानासाठी रदबदली करावी किंवा अपराध्याने परलोकासाठी दान, उपवास करावेत, अशी योजना होती. अहिंसेचा पुरस्कर्ता असूनही अशोकाने ही शिक्षा रद्द केली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी प्रवाशाने मध्यदेशात शिरच्छेद वा शारीरिक दंड होत नाही असे लिहिले आहे. त्याचे हे विधान त्या काळच्या सर्वच प्रदेशांना लागू करता येणार नाही.

इस्लामी विधिशास्त्रात ‘किसास’ व ‘दियत’ या तत्त्वांनुसार खुनाच्या बाबतीत मृताच्या वारसांना अपराध्याचा प्राण मागण्याचा, रक्तद्रव्य स्वीकारण्याचा किंवा क्षमा करण्याचा अधिकार असतो. म्हणजे शिक्षेचा निर्णय काही अंशी राज्यसंस्थेच्या हाती नसून पीडित कुटुंबाच्या हाती असतो. मराठी राज्यात कडेलोट, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे, शिरच्छेद असे प्रकार प्रचारात होते. स्त्रिया व ब्राह्मण यांना सामान्यतः देहदंड न देता किल्ल्यावर कैदेत ठेवीत. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास देहांत प्रायश्चित्त सांगितल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. प्रायश्चित्त आणि शासन यांत मात्र भेद आहे. प्रायश्चित्त पातक्याने स्वतः आचरावयाचे असते व शासन राजाने करावयाचे असते. शास्त्रीबोवांच्या निर्णयाला अनेकदा फाशीची शिक्षा समजले जाते, ते बरोबर नाही.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी, १७७५ मध्ये, कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना खोटा दस्तऐवज केल्याच्या आरोपावरून इंग्लंडमधील कायद्यानुसार फाशी देण्यात आले. त्या काळी येथील कोणत्याही विधिपरंपरेत या अपराधाला प्राणदंड नव्हता. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये मात्र तो होता; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दोनशेहून अधिक अपराधांना देहांत शासनाची तरतूद होती आणि त्यांत किरकोळ चोऱ्यांचाही समावेश होता. शिक्षा इतकी कठोर, की ज्यूरीतील लोक चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवून आरोपीला वाचवीत. सॅम्युएल रॉमिली यांच्या प्रयत्नांनी १८०८ मध्ये खिसेकापूपणाची फाशी रद्द झाली व पुढील तीस-पस्तीस वर्षांत ही यादी खून, राजद्रोह व आणखी काही अपराध एवढ्यांपुरती उरली.

निर्मूलनाची चळवळ : इटालियन विधिज्ञ चेझारे बेक्कारीआ याचा अपराध व शिक्षा यांवरील ग्रंथ १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेथून या चळवळीचा प्रारंभ मानतात. सामाजिक करार करताना कोणीही माणूस स्वतःचा प्राण घेण्याचा अधिकार राज्याला देणार नाही, हा त्याचा एक मुद्दा. शिक्षेची तीव्रता नव्हे तर निश्चितता अपराधाला आळा घालते, हा दुसरा व अधिक टिकाऊ मुद्दा. त्याच्या प्रभावाने टस्कनीच्या लिओपोल्डने १७८६ मध्ये ही शिक्षा रद्द केली. फ्रान्सच्या संविधानसभेत १७९१ मध्ये रोब्झपिअरने देहांत शासनाच्या विरोधात भाषण केले. दोन-तीन वर्षांतच त्याच्या राजवटीत गिलोटिनने काय केले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्याने राजद्रोह वगळता १८४६ मध्ये, तर व्हेनेझुएलाने सर्व अपराधांसाठी १८६३ मध्ये ती रद्द केली.

पोर्तुगालने १८६७ मध्ये नागरी अपराधांसाठी देहांत शासन रद्द केले व १८७० मध्ये तो निर्णय आपल्या वसाहतींनाही लागू केला. त्यामुळे गोव्यात सामान्य अपराधांसाठी फाशी नव्हती. १९६१ मधील मुक्तीनंतर तेथे भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि तिच्याबरोबर ही शिक्षाही आली. भारतातील त्रावणकोर संस्थानानेही १९४४ मध्ये ती रद्द केली होती. विलीनीकरणानंतर तेथेही ती परत आली. फ्रान्समध्ये न्यायमंत्री रॉबेअर बादँतेअर यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये तिचा शेवट झाला. भारताच्या शेजारी देशांपैकी नेपाळने १९९० च्या संविधानाने व भूतानने २००४ मध्ये ती रद्द केली. श्रीलंकेत कायद्यात असूनही १९७६ नंतर कोणालाही फाशी देण्यात आलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कविषयक करारनाम्याने ही शिक्षा केवळ अत्यंत गंभीर अपराधांपुरती मर्यादित केली, तर १९८९ च्या त्याच्या दुसऱ्या पूरक मसुद्यात निर्मूलनाचे बंधन आहे. त्यावर भारताची स्वाक्षरी नाही. महासभेत २००७ मध्ये अंमलबजावणी स्थगित करण्याचा ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने विरोधी मत दिले. जगातील दोन तृतीयांशांहून अधिक देशांनी कायद्याने वा व्यवहारात देहांत शासन सोडले आहे. चीन, इराण, सौदी अरेबिया यांसारख्या देशांत त्याचे प्रमाण मोठे असून चीनचे आकडे प्रसिद्ध केले जात नाहीत.

समर्थनाचे युक्तिवाद : पहिला युक्तिवाद प्रतिदानाचा. इमॅन्युएल कांटच्या मते शिक्षा ही समाजाच्या उपयोगासाठी नसून अपराध्याच्या कर्माचे उचित प्रतिफल म्हणून द्यावयाची असते. त्याने १७९७ मध्ये असे उदाहरण दिले, की एखाद्या बेटावरील लोकांनी समाज विसर्जित करून पांगण्याचे ठरवले, तरी जाण्यापूर्वी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला देहांत शासन केलेच पाहिजे. अन्यथा त्या अन्यायाचे ते भागीदार होतील. हेगेलने पुढे जाऊन शिक्षा हा अपराध्याचा विवेकी माणूस म्हणून असलेला हक्कच आहे असे प्रतिपादन केले. हा विचार सूडाच्या भावनेहून वेगळा आहे. सूडाला मर्यादा नसते, प्रतिदानाला असते. ‘डोळ्यास डोळा’ हा प्राचीन नियमही एका डोळ्याबद्दल एकच डोळा अशी मर्यादा घालण्यासाठी होता. नृशंस हत्याकांडाच्या वेळी समाजाला जो संताप येतो त्याला न्यायालयाने वाट करून दिली नाही, तर लोक कायदा हातात घेतील, ही याच युक्तिवादाची व्यावहारिक बाजू होय. तीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरा युक्तिवाद जरबेचा. मृत्यूचे भय हे सर्व भयांत मोठे आहे, म्हणून मृत्युदंड खुनापासून परावृत्त करतो, असे सामान्य माणसाला वाटते. जॉन स्ट्यूअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत या शिक्षेच्या बाजूने केलेले भाषण या संदर्भात वाचनीय आहे. त्याच्या मते जन्मभराचा सश्रम कारावास वस्तुतः मृत्यूहून क्रूर असतो, पण दिसताना सौम्य दिसतो. याउलट मृत्युदंड दिसतो त्यामानाने कमी क्रूर असतो, म्हणून कमीत कमी यातनेत जास्तीत जास्त जरब तोच बसवतो. विसाव्या शतकात अर्नेस्ट व्हान डेन हाग याने हा मुद्दा वेगळ्या रीतीने मांडला. जरब बसते की नाही हे निश्चित ठाऊक नसताना चूक करावयाचीच झाली, तर ती खुन्याचा प्राण घेण्याच्या बाजूने करावी, संभाव्य निरपराध बळींच्या नाही, असे त्याचे म्हणणे. जरबेच्या बाजूचा हा सर्वांत समर्थ युक्तिवाद होय. कारण त्यात पुराव्याचा अभाव हीच प्रमाणाची जागा घेते.

तिसरा मुद्दा असा, की जन्मठेपेचा कैदी सुटून पुन्हा खून करू शकतो, तुरुंगातही करू शकतो किंवा त्याच्या सुटकेसाठी साथीदार विमान पळवू शकतात. खर्चाचाही मुद्दा क्वचित पुढे केला जातो. त्याची दखल घेण्याइतके वजन त्यात नाही.

विरोधाचे युक्तिवाद : जरबेचा प्रश्न आकड्यांनी तपासण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले. थॉर्स्टेन सेलिन याने ही शिक्षा असलेल्या व नसलेल्या शेजारच्या राज्यांची तुलना केली. त्यांच्या खुनांच्या प्रमाणात तिच्यामुळे पडलेला असा फरक त्याला आढळला नाही. याउलट आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रत्येक फाशीमागे सात-आठ खून टळतात असा निष्कर्ष काढून खळबळ उडवली. पण त्याच्या आकडेवारीतून १९६२ नंतरची काही वर्षे वगळली, तर तो परिणाम नाहीसा होतो, असे इतर संशोधकांनी दाखवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ मध्ये अशा सर्व अभ्यासांची छाननी करून, ते कोणताही निर्णय घेण्यास निरुपयोगी आहेत, असा अभिप्राय दिला. कॅनडाने १९७६ मध्ये देहांत शासन रद्द केले. तेथील हत्यांचे प्रमाण १९७५ मध्ये लाखामागे सुमारे तीन होते, ते पुढील पंचवीस-तीस वर्षांत दोनच्या खाली आले. भारतातही १९९० च्या दशकानंतर फाशीची अंमलबजावणी अगदी विरळ झाली, तर खुनाचे प्रमाण १९९२ मधील लाखामागे सुमारे साडेचारवरून २०२० पर्यंत निम्म्यावर उतरले. याचा अर्थ फाशी थांबवल्याने खून कमी होतात असा नव्हे. या दोन गोष्टींचा संबंध लोकांना वाटतो तितका निकट नाही, एवढेच यावरून म्हणता येते.

नैतिक आक्षेपांपैकी सर्वपरिचित आक्षेप मनुष्यजीविताच्या पावित्र्याचा आहे. महात्मा गांधींनी आयुष्यभर या शिक्षेला विरोध केला. त्यांच्या मारेकऱ्यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथील तुरुंगात फाशी देण्यात आले, तत्पूर्वी मणिलाल व रामदास या गांधींच्या दोन पुत्रांनी त्यांच्यासाठी दयेची विनंती केली होती. फ्रेंच साहित्यिक आल्बेअर काम्यू याने १९५७ मधील आपल्या निबंधाच्या प्रारंभी वडिलांची आठवण सांगितली आहे. एका नृशंस खुन्याच्या शिरच्छेदाला ते आवर्जून, संतापाने गेले आणि परत आल्यावर काही न बोलता त्यांना ओकारी झाली. ठरलेल्या दिवसाची महिनोन्‌महिने वाट पाहावयास लावून केलेला वध हा कोणत्याही खुन्याच्या कृत्याहून अधिक पूर्वनियोजित असतो, असा काम्यूचा मुद्दा आहे.

तथापि तत्त्वचर्चेहून लोकमत अधिक हलवले ते प्रत्यक्ष चुकांनी. इंग्लंडमध्ये टिमथी एव्हन्झ याला आपल्या लहान मुलीच्या खुनाबद्दल १९५० मध्ये फाशी झाली. खटल्यातील सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी होता. तीन वर्षांनी त्या घरात आणखी स्त्रियांची प्रेते सापडली व क्रिस्टी हाच अनेक खुनांचा कर्ता असल्याचे उघड झाले. एव्हन्झला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, ब्रिटनमध्ये खुनाबद्दलची फाशी पाच वर्षांसाठी स्थगित झाली होती; १९६९ मध्ये ती कायमची गेली. अमेरिकेत १९७३ पासून देहांत शासन झालेल्या सुमारे दोनशे जणांची पुढे निर्दोष म्हणून मुक्तता झाली.

महाराष्ट्रातील एक प्रकरण या बाबतीत अधिक बोलके आहे. २००३ मध्ये झालेल्या दरोडा, बलात्कार व अनेक खुनांच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये देहांत शासन दिले. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती फिरवून सहाही जणांची फाशी कायम केली. मार्च २०१९ मध्ये, फेरविचारानंतर, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून मुक्त केले. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळेच चार इसम ओळखले होते व ती बाब न्यायालयापुढे आणलीच गेली नव्हती, असे त्या निकालात नमूद आहे. या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. २००९ नंतर शिक्षा तत्परतेने अमलात आली असती, तर हा निकाल कोणाला लागू करावयाचा हा प्रश्नच उरला असता. दयेच्या अर्जांना लागणाऱ्या विलंबाबद्दल जो रोष व्यक्त होतो, त्याच्या जोडीला हे उदाहरण ठेवावयास हवे.

दुसरा प्रत्यक्ष आक्षेप विषमतेचा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देहांत शासन झालेल्या कैद्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. याच अहवालातील दुसरी माहिती अधिक विचार करावयास लावते. २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या देहांत शासनांपैकी वरिष्ठ न्यायालयांत पाच टक्क्यांहून कमी टिकली. बहुसंख्य शिक्षा सौम्य झाल्या आणि जवळजवळ तीस टक्के कैदी निर्दोष ठरले.

भारतीय कायदा : १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खून, राजाविरुद्ध युद्ध पुकारणे, दरोड्यातील खून इ. अपराधांना ही शिक्षा होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे खुनाबद्दल फाशी न देता जन्मठेप द्यावयाची झाल्यास न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन काढले आणि १९७३ च्या संहितेने नियम उलटा केला : फाशी द्यावयाची असेल, तर विशेष कारणे लिहिली पाहिजेत. म्हणजे अवघ्या अठरा वर्षांत नियमाचा अपवाद झाला. सत्र न्यायालयाने दिलेले देहांत शासन उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. संविधानसभेत ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अपील-अधिकारावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, अशा अपिलांची व्यवस्था करण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपणास अधिक मान्य होईल, असे मत मांडले होते. राज्यसभेत अभिनेते पृथ्वीराज कपूर यांनी १९५८ मध्ये निर्मूलनाचा ठराव आणला व चर्चेनंतर तो मागे घेतला. विधि आयोगाने १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात, देशाची विशालता, लोकांतील विविधता व शिक्षणाची अवस्था पाहता निर्मूलनाचा प्रयोग करण्याचा धोका भारताला पत्करता येणार नाही, असे म्हटले. ऑगस्ट २०१५ मध्ये न्या. अ. प्र. शाह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दोनशे बासष्टाव्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे अपराध वगळून अन्य सर्व अपराधांसाठी ती रद्द करावी अशी शिफारस केली. तीन सदस्यांनी भिन्नमत नोंदवले.

सर्वोच्च न्यायालयाने जगमोहनसिंग (१९७२) व बचनसिंग (१९८०) या खटल्यांत देहांत शासन संविधानाशी विसंगत नाही असा निर्णय दिला. बचनसिंग खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड अध्यक्ष असलेल्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, ‘विरळातील विरळ’ प्रकरणातच, जेथे जन्मठेपेचा पर्याय निःसंशय अपुरा ठरतो तेथेच ही शिक्षा द्यावी असे सूत्र घालून दिले. अपराधाबरोबर अपराध्याचाही विचार व्हावा, त्याच्या सुधारणेची शक्यता पाहावी, हा त्याचा गाभा होता. न्या. प्र. न. भगवती यांनी १९८२ मध्ये दिलेल्या भिन्नमतपत्रिकेत ही शिक्षा मनमानी असल्यामुळे संविधानाच्या चौदाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग करते असे म्हटले. त्यांच्या म्हणण्याची प्रचीती त्याच वर्षी हरबंससिंग खटल्यात आली. एकाच हत्याकांडात समान दोषी ठरलेल्या तिघांपैकी एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने सौम्य केली होती. दुसऱ्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी झाली. तिसरा वेळेवर न्यायालयात पोहोचल्यामुळे वाचला. मच्छीसिंग खटल्यात (१९८३) न्यायालयाने हत्येची रीत, हेतू, समाजविघातकता, व्याप्ती व बळी पडलेल्या व्यक्तीचे स्वरूप असे पाच वर्ग सांगितले. या वर्गांमुळे अपराध्याकडून लक्ष पुन्हा अपराधाकडे वळले, ही टीका रास्त आहे. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आपला १९९६ मधील एक निर्णय, त्यात केवळ अपराधाचा विचार केलेला असल्यामुळे, बचनसिंग सूत्राची दखल न घेता दिलेला होता असे मान्य केले. त्या निर्णयाच्या आधारे फाशी ठोठावलेल्या काही कैद्यांची शिक्षा सौम्य करावी, असे आवाहन चौदा माजी न्यायाधीशांनी २०१२ मध्ये राष्ट्रपतींना केले. जन्मठेपीच्या कैद्याने खून केल्यास फाशी सक्तीची करणारे दंडसंहितेचे ३०३ वे कलम १९८३ मध्ये मिठू खटल्यात अवैध ठरले. बचनसिंग सूत्र कसे वापरावे याबाबतची विसंगती कायम राहिल्याने न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीची पार्श्वभूमी तपासण्याचे दंडक घालून दिले व शिक्षेबाबतच्या सुनावणीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

दरम्यान कायदेमंडळाची दिशा वेगळी राहिली. २०१३ व २०१८ च्या दुरुस्त्यांनी बलात्काराच्या काही प्रकारांना ही शिक्षा लावली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने जमावाने केलेली हत्या व दहशतवादी कृत्याने घडवलेला मृत्यू यांनाही ती ठेवली. न्यायालये ज्या शिक्षेला अपवाद मानतात, तिची क्षेत्रे विधिमंडळे वाढवीत आहेत, असे हे चित्र आहे.

दया व अंमलबजावणी : संविधानाच्या ७२ व्या व १६१ व्या अनुच्छेदांन्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांना शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार आहे, तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरावयाचा असतो. दयेच्या अर्जावर अकारण विलंब झाल्यास शिक्षा जन्मठेपेत बदलता येते असे सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात (२०१४) सांगितले व एकाच निकालाने पंधरा कैद्यांची फाशी रद्द केली. कोल्हापूरच्या बालहत्याप्रकरणातील दोघी बहिणींची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच कारणाने बदलली. गर्भवती स्त्रीची शिक्षा जन्मठेपेत बदलली जाते आणि गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्याला ती देता येत नाही.

२००४ पासून भारतात आठ जणांना फाशी देण्यात आले : नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवडा येथे मुंबईवरील हल्ल्यातील अजमल कसाब, २०१३ मध्ये दिल्लीत अफझल गुरू, जुलै २०१५ मध्ये नागपूर येथे याकूब मेमन, २० मार्च २०२० रोजी दिल्लीच्या तिहार तुरुंगात २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातील चौघे, आणि त्यांच्या आधी, ऑगस्ट २००४ मध्ये, कलकत्त्यात धनंजय चॅटर्जी. त्या मानाने देहांत शासन झालेल्या व निकालाची वाट पाहणाऱ्या कैद्यांची संख्या पाचशेहून अधिक होती. फाशीची पद्धत अमानुष नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दीना खटल्यात ठरवले. सैनिकी कायद्यात गोळी घालण्याचाही पर्याय आहे. महाराष्ट्रात फाशी देण्याची व्यवस्था येरवडा व नागपूर या दोन मध्यवर्ती तुरुंगांत आहे. कैद्याच्या वजनानुसार दोराची लांबी ठरवली जाते. मृत्यू झाल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर वॉरंट तशा शेऱ्यासह ते काढणाऱ्या न्यायालयाकडे परत पाठवले जाते.